टोयोपेट क्राउन (पहिली पिढी)

टोयोपेट क्राउन : जपानच्या टोयोटा कंपनीची जानेवारी १९५५ मध्ये बाजारात आलेली चार दारांची सेडान मोटारगाडी. पहिली पिढी १९६२ पर्यंत निघत होती.

युद्धानंतर जपानमध्ये मोटारी बनवण्यावर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाचे निर्बंध होते. १९४७ मध्ये वर्षाला जेमतेम ३०० लहान गाड्यांची मुभा मिळाली, ती बंधने ऑक्टोबर १९४९ मध्ये उठली. त्या काळात टोयोटाची सेडान म्हणजे बहुधा ट्रकच्या चासीवर (सांगाड्यावर) चढवलेली बॉडी असे. १९४७ ची ‘एसए’ अपवाद, पण ती दोनेकशेच बनली. १९५० च्या संपात कंपनी बुडण्याच्या बेतात आली आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना पद सोडावे लागले. कोरियन युद्धासाठी अमेरिकी सैन्याने ट्रक मागवले, म्हणून ती तगली.

पुढे निस्सानने ऑस्टिनशी, हिनोने रेनॉशी, तर इसुझूने रूट्सशी करार करून परदेशी गाड्यांची जुळणी सुरू केली. टोयोटाने मात्र स्वबळावर गाडी बनवायचे ठरवले. जानेवारी १९५२ मध्ये काम सुरू झाले. दोनच महिन्यांनी किइचिरो वारले. जबाबदारी केन्या नाकामुरा या अभियंत्याकडे होती. आराखड्यापासून उत्पादनापर्यंत एका गाडीसाठी एकच मुख्य अभियंता, ही टोयोटाची प्रथा त्यांच्यापासून पडली.

क्राउनला १,४५३ घन सेंटिमीटरचे, ४८ अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगजवळ तीन गिअरचा दांडा होता. मागची दारे देव्हाऱ्याच्या दारांसारखी उलट्या बाजूने उघडत. वादाचा मुद्दा होता पुढच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाकाला वेगळी धक्के शोषणारी रचना. तेव्हा गाड्यांचे मोठे गिऱ्हाईक टॅक्सीवाले, आणि रस्ते बव्हंशी कच्चे; तिथे ही नाजूक रचना टिकेल का, ही शंका रास्तच होती. म्हणून कंपनीने सोबतीला पुढेही अखंड आस आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेली ‘मास्टर’ ही टॅक्सीसाठीची गाडी काढली. प्रत्यक्षात टॅक्सीवाल्यांनी क्राउनच पसंत केली आणि मास्टर १९५६ अखेर बंद पडली.

त्याच वर्षी ‘आसाही शिम्बुन’ या दैनिकाच्या मंडळींनी क्राउन डीलक्समधून लंडन ते टोकियो असा सुमारे ५०,००० किमी. प्रवास केला, जाहिरात म्हणून याहून चांगले काय हवे? १९५७ च्या ऑस्ट्रेलिया-प्रदक्षिणा रॅलीत क्राउन ४७ वी आली. क्रमांक किरकोळ, पण जपानी गाडीने शर्यत पुरी केली याचेच मायदेशी अप्रूप.

अमेरिकेत मात्र फजिती झाली. ऑक्टोबर १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात विक्री कंपनी स्थापन झाली. १९५८ मध्ये २८७ क्राउन खपल्या. खड्ड्यांसाठी भक्कम, म्हणजेच जड, बांधलेली ही गाडी तिथल्या महामार्गांवर दम टाकी, थरथरे, तापे. १९६० अखेर तिची निर्यात थांबवावी लागली.

जपानमध्ये तिचा जम कायम राहिला. ऑक्टोबर १९५९ मध्ये डिझेल क्राउन आली, १९६० मध्ये १.९ लिटरचे इंजिन बसले आणि १९६२ मध्ये दुसऱ्या पिढीने तिची जागा घेतली.