होंडुरासमधील लष्करी उठाव (२००९) : आंतरराष्ट्रीय प्रतिसाद

मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशाचे निर्वाचित राष्ट्राध्यक्ष मानुएल झेलाया यांना २८ जून २००९ च्या पहाटे सैनिकांनी निवासस्थानातून ताब्यात घेतले आणि विमानात बसवून शेजारच्या कोस्टा रिकात नेऊन सोडले. सान होसेच्या विमानतळावर ते उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर रात्रीचेच कपडे होते. या घटनेचा निषेध जवळजवळ सर्व जगाने केला, नव्या सरकारला एकाही देशाने मान्यता दिली नाही, आणि तरीही झेलाया पदावर परतू शकले नाहीत. त्यामुळे निर्वाचित सरकारविरुद्धच्या लष्करी उठावाला राजनैतिक मार्गाने कितपत उत्तर देता येते, याची चर्चा या प्रकरणावाचून सहसा पुरी होत नाही.

वादाचे निमित्त एका जनमत चाचणीचे होते. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत नवी राज्यघटना लिहिणाऱ्या संविधान सभेच्या प्रश्नासाठी एक जादा, चौथी मतपेटी ठेवावी काय, हे झेलाया यांना २८ जून रोजीच लोकांना विचारायचे होते. न्यायालयांनी ही चाचणी बेकायदा ठरवली होती. चाचणीच्या कामात साहाय्य करण्यास नकार देणाऱ्या सरसेनापतींना झेलाया यांनी बडतर्फ केले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा पदावर बसवले. झेलाया यांच्या अटकेचा आदेशही न्यायालयाने दिलेला होता; तथापि कोणाही होंडुरासी नागरिकाला देशाबाहेर घालवता येणार नाही, असे त्या देशाच्या राज्यघटनेचे कलम १०२ सांगते. त्याच दिवशी संसदेत झेलाया यांच्या नावाचे राजीनामापत्र वाचून दाखवण्यात आले. आपण असे पत्र लिहिलेच नसल्याचे त्यांनी लगेच जाहीर केले, पण संसदेने आपले अध्यक्ष रोबेर्तो मिचेलेती यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. मिचेलेती हे झेलाया यांच्याच लिबरल पक्षाचे होते.

पुढल्या आठवडाभरातील हालचाली विलक्षण वेगाने झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ३० जून रोजी ठराव क्र. ६३/३०१ एकमताने संमत करून उठावाचा निषेध केला आणि झेलाया यांच्याखेरीज अन्य कोणत्याही सरकारला मान्यता देऊ नये, असे सदस्य राष्ट्रांना आवाहन केले. ग्वातेमाला, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या शेजाऱ्यांनी जमिनीवरील व्यापार ४८ तास बंद ठेवला. युरोपीय देशांनी राजदूत परत बोलावले आणि जागतिक बँकेने कर्जाचे हप्ते थांबवले. उत्तर व दक्षिण अमेरिकेतील देशांच्या ‘अमेरिकी राष्ट्र संघटने’चे सरचिटणीस होसे मिगेल इन्सुल्सा स्वतः होंडुरासच्या राजधानीत, तेगुसिगाल्पाला जाऊन आले. मात्र त्यांच्या हाती काही लागले नाही. संघटना आपल्याला काढणार हे दिसताच मिचेलेती सरकारने आपणच बाहेर पडत असल्याचे कळवले, परंतु मान्यताच नसलेल्या सरकारला सदस्यत्व सोडण्याचा तरी अधिकार कोठून, असे म्हणून संघटनेने ते पत्र विचारात घेतले नाही. संघटनेची आंतर-अमेरिकी लोकशाही सनद ही ११ सप्टेंबर २००१ रोजी लिमा येथे स्वीकारली गेली होती. तिच्या कलम २१ चा पहिला वापर करून ४ जुलैच्या रात्री होंडुरासचे सदस्यत्व निलंबित करण्यात आले. यातला योगायोग मोठा बोचरा आहे : क्यूबावरील १९६२ चे निलंबन उठवणारी संघटनेची बैठक जेमतेम महिन्याभरापूर्वी होंडुरासच्याच सान पेद्रो सुला शहरात भरली होती आणि तिचे यजमान झेलाया होते.

दुसऱ्याच दिवशी झेलाया विमानाने परत निघाले. आमसभेचे अध्यक्ष मिगेल देस्कोतो त्यांच्यासोबत होते. तेगुसिगाल्पाच्या तोन्कोन्तिन विमानतळाच्या धावपट्टीवर सैनिकांनी वाहने आडवी लावल्यामुळे विमान वर घिरट्या घालून माघारी वळले. २४ जुलै रोजी त्यांनी निकाराग्वाच्या बाजूने लास मानोस येथे सीमेवरची साखळी हाताने उचलली, मायदेशात चार पावले टाकली आणि थोड्या वेळाने ते परत फिरले. जगाची मान्यता असलेल्या राष्ट्राध्यक्षाची पोच त्या दिवशी एवढीच होती.

अमेरिकेची भूमिका सर्वांत निर्णायक होती आणि सर्वांत संदिग्धही तीच होती. हा उठाव बेकायदा असून झेलाया हेच राष्ट्राध्यक्ष आहेत, असे बराक ओबामा यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितले. निर्वाचित प्रमुखाला लष्करी उठावाने हटवले गेले असेल तर त्या सरकारची मदत बंद करावी, असे अमेरिकी कायदा सांगतो. पण ‘लष्करी उठाव’ असा औपचारिक निर्वाळा परराष्ट्र खात्याने कधीच दिला नाही. सप्टेंबरमध्ये सुमारे ३ कोटी डॉलरची मदत रद्द झाली, मिचेलेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे व्हिसा काढून घेण्यात आले. व्यापारावर मात्र निर्बंध आले नाहीत.

मध्यस्थीचे काम कोस्टा रिकाचे राष्ट्राध्यक्ष आणि १९८७ च्या शांतता नोबेलचे मानकरी ऑस्कर आरियास यांच्याकडे आले. झेलाया यांनी संयुक्त सरकारचे प्रमुख म्हणून परतावे, संविधान सभेचा नाद सोडावा आणि सर्वांना माफी मिळावी, असा त्यांचा तोडगा होता. झेलाया यांनी तो मानला. मिचेलेती परतीच्या कलमावर अडून बसले, आणि त्यांना अडून बसणे परवडणारे होते, कारण निवडणूक २९ नोव्हेंबरला ठरलेलीच होती. तोवर दिवस काढले की प्रश्न आपोआप सुटणार होता.

झेलाया २१ सप्टेंबरला गुपचूप देशात शिरले आणि ब्राझीलच्या वकिलातीत जाऊन राहिले. वकिलातीचे पाणी, वीज आणि दूरध्वनी तोडण्यात आले, तेव्हा वकिलातीला उपद्रव देणे थांबवावे, असे सुरक्षा परिषदेला सांगावे लागले. ३० ऑक्टोबरला अमेरिकेच्या दबावाखाली तेगुसिगाल्पा-सान होसे करार झाला, पण झेलाया यांच्या पुनःस्थापनेचा निर्णय त्यात संसदेवर सोपवला होता आणि त्यासाठी मुदत घातलेली नव्हती. ही साधी वाटणारी उणीवच करार निकामी करून गेली. झेलाया परतले नाहीत तरी निवडणूक मान्य करू, असे अमेरिकी मुत्सद्द्यांनी त्यानंतर सूचित केले. मतदान उरकल्यावर २ डिसेंबर रोजी संसदेने १११ विरुद्ध १४ मतांनी पुनःस्थापना फेटाळली.

निवडणुकीत पोर्फिरियो लोबो विजयी झाले आणि जूनमधली एकजूट येथेच फुटली. अमेरिका, कोलंबिया, पनामा, पेरू आणि कोस्टा रिका यांनी निकाल स्वीकारला. ब्राझील, अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला यांनी तो नाकारला. २७ जानेवारी २०१० रोजी लोबो यांनी शपथ घेतली आणि झेलाया वकिलातीतून निघून डॉमिनिकन प्रजासत्ताकात गेले. पुढे कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष सांतोस व व्हेनेझुएलाचे राष्ट्राध्यक्ष चावेस यांच्या मध्यस्थीने मे २०११ मध्ये कार्ताहेना करार होऊन ते मायदेशी परतले. १ जून २०११ रोजी अमेरिकी राष्ट्र संघटनेने ३२ विरुद्ध १ मताने होंडुरासला पुन्हा सामावून घेतले. उठाव करणाऱ्यांना शिक्षा झालेली नाही म्हणून एकट्या इक्वेडोरने विरोधी मत दिले. घडले ते उठावच होते, असा निष्कर्ष होंडुरासच्या सत्यशोधन आयोगाने त्यानंतरच्या महिन्यात नोंदवला. जो शब्द अमेरिकी परराष्ट्र खात्याने औपचारिकपणे उच्चारायचे टाळले होते, तो असा होंडुरासमध्येच अधिकृतपणे लिहिला गेला. पण तोवर संघटनेतील त्या देशाची खुर्ची पुन्हा मांडून झाली होती.