वय झालं म्हणून सोडून दिलेली चाल

आमच्या फोंड्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असा एखादा आजोबा दिसतोच, पाय फाकवून, जमिनीला चिकटल्यासारखे घासत चालणारा, आणि वळायचं झालं की जागच्या जागी पाचसात छोटी पावलं टाकणारा. घरचे म्हणतात, वय झालं. बरेचदा तेच असतं, किंवा पार्किन्सन असतो, गुडघे असतात. पण चालीबरोबर लघवीवरचा ताबा सुटतोय आणि डोकंही मंद चालतंय, तर नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसचा, म्हणजे मेंदूत पाणी साचण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा. कोलंबिया देशातले डॉक्टर सालोमोन हकीम यांनी रेमंड अ‍ॅडम्ससोबत 1965 मध्ये हे मांडलं.

मेंदूत रोज साधारण 500 मिली पाणी तयार होतं, एका वेळी आत असतं जेमतेम 150 मिली, म्हणजे दिवसातून तीनचार वेळा बदलतं. या आजारात त्याचा निचरा बिघडतो, मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, आणि गंमत म्हणजे कमरेत सुई घालून प्रेशर मोजलं तर ते नॉर्मलच येतं.

मग त्रास कशाने? इथे एनर्जीचा हिशेब येतो. मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के, पण ऑक्सिजन खातो 20 टक्के, आणि साठा जवळपास शून्य. पोकळी फुगली की भोवतालचा पांढरा भाग, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या तारांचा जुडगा, ताणला जातो, त्यात पाणी मुरतं, बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह घटतो. त्यात हा भाग लांबून आलेल्या बारीक धमन्यांच्या टोकाला. पावसाळ्यात लाइनीच्या शेवटच्या घरात व्होल्टेज डिम होतं ना, बल्ब मिणमिणतो पण विहिरीवरचा पंप उचलत नाही, तसंच.

ऑक्सिजन असला की एका ग्लुकोजमधून पेशीला 30 च्या आसपास एटीपी (पेशी वापरते ती एनर्जीची सुटी नाणी) मिळतात, नसला तर फक्त 2, वर लॅक्टेट हा उरलेला पदार्थ साचतो तो वेगळाच. मेंदूतल्या पाण्यात लॅक्टेट वाढलेलं काही रुग्णांत सापडलं, काहींत नाही, त्यामुळे त्यावरून निदान करत नाहीत. पेट (PET) स्कॅनमध्ये मात्र मेंदूच्या आतल्या, चालीशी संबंध असलेल्या कॉडेट भागात ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसतो.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की अशा उपाशी पेशी सगळ्या मेलेल्या नसतात, काही नुसत्या गप्प बसलेल्या असतात. म्हणून तर टॅप टेस्टला अर्थ आहे: कमरेतून 30 ते 50 मिली पाणी काढायचं आणि आधी-नंतर चालायला लावून बघायचं, घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर फारच बरं. चाल सुधारली तर शंटचा, म्हणजे जादा पाणी पोटात सोडणाऱ्या नळीचा, उपयोग होण्याची शक्यता जास्त. पण टेस्टमध्ये फरक नाही पडला म्हणून शंटचा उपयोग होणारच नाही असं नसतं. शंटने चाल सगळ्यात जास्त सुधारते, आठवण कमी, आणि वर्षानुवर्षं थांबलात तर दोन्ही कमी. शंटमध्ये मॅग्नेटने अ‍ॅडजस्ट होणारा व्हॉल्व्ह बसवला असेल तर एमआरआयच्या आधी सांगायचं, आणि नंतर त्याचं सेटिंग हललं तर नाही ना ते तपासून घ्यायचं.