सिसोदियांचा मेवाड: सहलीला निघण्याआधी वाचायचे माहितीपत्रक

मेवाड म्हणजे उदयपूर, असे धरून बहुतेक मंडळी चौकशी करतात. चार दिवस उदयपूरला मुक्काम आणि मध्येच एक दिवस चित्तोड ‘उरकून’ यायचे, असा बेत असतो. आमच्या सहलीचा क्रम आम्ही मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी चित्तोड, मग कुंभलगड, शेवटी उदयपूर. उदयपूर 1559 मध्ये महाराणा उदयसिंह (दुसरे) यांनी वसवले. चित्तोडचे काय झाले हे पाहून तिथे पोहोचलात, की डोंगरांच्या आड आणि तळ्याच्या काठी राजधानी हलवण्यामागचा विचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

घराण्याबद्दल थोडक्यात. मूळ वंश गुहिलांचा, आठव्या शतकातल्या बाप्पा रावळांचा. 1303 मध्ये अलाउद्दीन खिलजीने चित्तोड घेतले आणि रावळांची थोरली शाखा संपली. पुढे सिसोदा गावच्या शाखेतल्या हम्मीरांनी गड परत मिळवला. तेव्हापासून ‘राणा’ ही पदवी आणि ‘सिसोदिया’ हे नाव चालत आले. राज्य एकलिंगजींचे (म्हणजे कुलदैवत शिवाचे) आणि राणा त्यांचा दिवाण, ही या घराण्याची श्रद्धा.

चित्तोड: पूर्ण दिवस द्या

आदल्या रात्री चित्तोडला मुक्काम करून सकाळी सातच्या सुमारास गड चढायला घ्यावा. पठार सुमारे 280 हेक्टरचे आहे, त्यामुळे वर फिरायलाही गाडी लागते. चढताना सात दरवाजे लागतात: पाडन, भैरव, हनुमान, गणेश, जोडला, लक्ष्मण आणि राम पोल. गाडी थेट वर जाते आणि हे दरवाजे खिडकीतून मागे पडतात. आमची गाडी भैरव आणि हनुमान पोलांच्या मध्ये थांबते. 1568 मध्ये अकबराच्या वेढ्यात पडलेल्या जयमल राठोडांची छत्री तिथे आहे. त्याच लढाईतल्या पत्ता सिसोदियांचे स्मारक राम पोलाजवळ आहे.

वर पोहोचल्यावर गल्लत होते ती दोन स्तंभांची. नऊ मजली, सुमारे 37 मीटर उंच तो विजयस्तंभ. माळव्याच्या महमूद खिलजीवरील विजयाचे स्मारक म्हणून महाराणा कुंभांनी तो उभारला, 1448 मध्ये पूर्ण झाला. पूर्वेच्या तटाजवळचा सुमारे 22 मीटरचा कीर्तिस्तंभ त्याहून जुना आणि जैनांचा. विजयस्तंभात वरपर्यंत चढू देतीलच असे गृहीत धरू नका. बाहेरची शिल्पेच निवांत पाहा. पद्मिनी महाल म्हणून दाखवतात ती तळ्यातली पांढरी इमारत एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे, 1303 ची नव्हे. खरे जुने काम पाहायचे तर कुंभांच्या वाड्याचे अवशेष, समिद्धेश्वराचे मंदिर आणि कड्याला लागून असलेले गोमुख कुंड पाहा. गोमुखाला दगडी मुखातून पाणी पडते. वेढ्यात गड इतके महिने कसा टिकायचा, त्याचे उत्तर अशा पाणवठ्यांत आहे.

तटबंदी इतकी ढासळलेली का, हा प्रश्न नेहमी येतो. केवळ काळाने नव्हे. 1615 च्या तहात मोगलांनी चित्तोड परत दिले, पण गडाची डागडुजी करायची नाही या अटीवर. महाराणा राजसिंहांनी दुरुस्ती चालवली, तेव्हा 1654 मध्ये शाहजहानने फौज पाठवून ती पाडली. विजयस्तंभ आणि गोमुखाच्या मधल्या महासती जागेवर कृपया मोठ्याने बोलू नका, सेल्फी काढू नका. 1303, 1535 आणि 1568 अशा तीन जोहारांची (शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्त्रियांनी केलेल्या सामूहिक अग्निप्रवेशांची) आठवण या गडाशी जोडलेली आहे.

कुंभलगड आणि वाटेतले राजसमंद

चित्तोडहून कुंभलगडला जाताना राजसमंदला नऊचौकी घाटावर थांबतो. महाराणा राजसिंहांनी बांधवलेल्या तलावाच्या या संगमरवरी घाटावर राजप्रशस्ती हे मेवाडच्या इतिहासाचे संस्कृत काव्य 25 शिळांवर कोरले आहे. शिळा कोनाड्यांतून विखुरल्या आहेत, म्हणून त्या शोधत पूर्ण घाट फिरावा.

कुंभलगडाची तटबंदी 36 किमी म्हणून प्रसिद्ध आहे. गाडी राम पोलाजवळ थांबते. तिथून बादल महालापर्यंत फरसबंदीची खडी चढण अर्ध्या-पाऊण तासाची. गुडघेदुखी असलेल्यांनी वेदी मंदिर आणि नीलकंठ महादेव पाहून खालीच थांबले तरी गड पाहिल्यासारखे होते, कारण सपाटीवरची ही मंदिरे कुंभांच्या काळातली आहेत. माथ्यावरचा बादल महाल त्या मानाने अगदी अलीकडचा, महाराणा फतेहसिंहांनी बांधवलेला. महाराणा प्रतापांचा जन्म 1540 मध्ये याच गडावरचा. चढण दुपारी तीननंतर सुरू करा, ऊन पाठीवर येत नाही.

हळदीघाटी आणि एकलिंगजी

हळदीघाटीत पर्यटक थेट खासगी संग्रहालयात शिरतात आणि तिथूनच परततात. महाराणा प्रताप आणि अकबराची फौज यांच्यातल्या 18 जून 1576 च्या लढाईचा मुख्य रणसंग्राम झाला तो खमनोरजवळच्या रक्त तलाईच्या मैदानात. आधी ते, मग पिवळ्या मातीची अरुंद खिंड आणि शेवटी प्रतापांचा घोडा चेतक याची समाधी, असा आमचा क्रम. जवळच्या मोलेला गावात देवतांच्या मातीच्या फलकांचे काम चालते. फलक विकत घेतलात तर हातातच बाळगा. गाडीच्या डिकीत तो हमखास फुटतो.

एकलिंगजीचे मंदिर दिवसभर उघडे नसते, ठरावीक वेळांतच दर्शन होते. कॅमेरा चालत नाही, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. सोमवारी गर्दी असते, म्हणून आम्ही तो वार टाळतो.

उदयपूर

राजवाड्यात मार्ग एकाच दिशेचा आहे; एकदा पुढे गेलात की मागे फिरता येत नाही. जिने अरुंद, दारे ठेंगणी: शत्रूला घोळक्याने घुसता येऊ नये म्हणून. उंच मंडळींनी डोके सांभाळावे. वरच्या बाडी महालात चौथ्या मजल्यावर मोठाली झाडे पाहून सगळे चकित होतात. ती गच्चीवर लावलेली नाहीत. राजवाडा टेकडीभोवती बांधला आहे आणि झाडांची मुळे थेट टेकडीच्या मातीत आहेत.

शिवछत्रपतींचे घराणे सिसोदियांचे, असे इथे मराठी पर्यटकांना हमखास ऐकवतात. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी तशी वंशावळ मांडली गेली, पण इतिहासकारांत त्यावर एकमत नाही. पुढचे संबंध मात्र निर्विवाद आहेत. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाईंचा 1735 मध्ये तीर्थयात्रेच्या वाटेवर उदयपुरात सत्कार झाला. 1736 मध्ये बाजीराव स्वतः इथे आले. 1769 मध्ये महादजी शिंद्यांनी याच शहराला वेढा घातला आणि मोठी खंडणी ठरली. दोन्ही बाजू माहीत असाव्यात, असे आम्हाला वाटते.

प्रतापांची अखेरची राजधानी चावंड नेहमीच्या सहलीत येत नाही. उदयपूरहून दक्षिणेला साधारण 60 किमी आहे. 1597 मध्ये प्रतापांचे निधन तिथेच झाले, छत्री जवळच्या बांडोलीला आहे. जाण्याची इच्छा असल्यास बुकिंग करतानाच सांगा, म्हणजे शेवटच्या दिवसाची परतीची गाडी रात्रीची धरता येईल.