चावी लावलेली स्कूटर आणि सोळावं वर्ष

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चावी स्कूटरलाच ठेवून 'आत्ता येतो' म्हणत आत शिरणारे अजूनही दिसतात. सोळा वर्षांच्या तीन पोरांना तेवढा वेळ पुरतो. पेट्रोल संपेपर्यंत फिरवायची, मग कुठेतरी टाकून द्यायची. विकायचं बहुधा मनातही नसतं.

याच वयात हे का सुचतं? 2005 साली मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक खेळ मांडला. पडद्यावर गाडी पळते आहे, पिवळा दिवा लागला की कधीही भिंत आडवी येईल. थांबायचं कधी, ते तुम्ही ठरवा. शेजारी मित्र बसले, की 13 ते 16 वयाची मुलं एकटी असतानापेक्षा खूपच पुढे जात. चोविशी ओलांडलेल्यांना मित्र असले-नसले तरी फरक पडत नव्हता. स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशी उलटली तरी घडतच असतो.

मुलं टोळक्यानं चोरतात आणि टोळक्यानंच सापडतात. स्कूटर एक, पकडलेले तीन. म्हणून अटकेचे आकडे जपून वाचावेत; चोऱ्या किती झाल्या हे त्यांतून कळत नाही, हाती किती लागले एवढंच कळतं.

तरीही अमेरिकेतली उतरण मोठी आहे. 1990च्या दशकाच्या मध्यापासून 2020 पर्यंत मालमत्तेच्या गुन्ह्यांत अल्पवयीनांच्या अटकेचं प्रमाण तीन चतुर्थांशांहून जास्त घटलं. कारणांवर वाद आहेत. मला सगळ्यांत पटतं ते इमोबिलायझरचं: चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. पोरांची पहिली चोरी बऱ्याचदा गाडीची असते, आणि तीच अवघड झाली. ज्या मोटारींत हे यंत्र नव्हतं, त्या यूएसबीच्या टोकानं सुरू करायचे व्हिडिओ 2022 च्या सुमारास तिथे पसरले, आणि त्याच मोटारींच्या चोऱ्या भडकल्या.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्येच मांडलं होतं, की अशी बहुतेक मुलं मोठी होताना हे आपोआप सोडतात. पुढे चालू ठेवणारी थोडीच. आपला 2015 चा बाल न्याय कायदा हे जाणतो, याचा मला दिलासा वाटतो. मुलाला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. घरी सोडणं शक्य नसेल, तर निरीक्षणगृहात. गोव्यात ते मेरशीचं 'अपना घर'. अपिलाची मुदत सरली, की साध्या चोरीची नोंदही नष्ट करायची असते. वाड्यावर मात्र 'तोच तो, स्कूटर चोरलेला' ही ओळख राहते, आणि गॅरेजवाला त्याला कामावर घेत नाही.