संध्याकाळी सातची वीज कुठून आणायची?

६ सप्टेंबर २०२२. कॅलिफोर्नियातल्या बे एरियात आमच्या घरी गणपती बसलेले, बाहेर ४२-४३ डिग्री ऊन, आणि पावणेसहाला घरातले सगळे फोन एकदम ठणाणा वाजायला लागले. मला आधी वाटलं भूकंप. पण मेसेज कॅलिफोर्निया सरकारचा होता, उकाड्यामुळे ग्रीडवर, म्हणजे वीज घरोघरी पोचवणाऱ्या जाळ्यावर ताण आलाय, रात्री नऊपर्यंत गरजेपुरतीच वीज वापरा. आम्ही एसी बंद केला, मखराच्या लायटिंगचं बटण बंद केलं, इंडक्शनवर ठेवलेले मोदक तेवढे होऊ दिले आणि आरती समईच्या उजेडात केली. असे सुमारे २ कोटी ७० लाख फोन वाजले होते. काही मिनिटांत मागणी हजार मेगावॉटपेक्षा जास्त खाली आली, आणि ५२,०६१ मेगावॉटची विक्रमी मागणी येऊनही त्या दिवशी ग्रीडवाल्यांना लोडशेडिंगचा आदेश द्यावा लागला नाही.

तेव्हापासून आमच्या मित्रमंडळीत हा वाद ठरलेला. एक गट म्हणतो, बघा, सोलरच्या नादी लागून राज्याने स्वतःचे प्लांट बंद केले आणि आता शेजारच्या राज्यांकडे हात पसरतंय. दुसरा म्हणतो, दुपारी सगळी गरज सोलर आणि वाऱ्यावर भागते, अजून काय पाहिजे? मला दोन्ही अर्धवट वाटतं, कारण दोघंही वर्षाचे किंवा दुपारचे आकडे सांगतात आणि अडचण रोज संध्याकाळी सहा ते नऊमध्ये येते.

बॅटऱ्या सोडल्या तर वीज पाण्यासारखी टाकीत भरून राहत नाही, ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तेवढीच बनावी लागते. दुपारी सोलर भरपूर, म्हणून बाकीच्या प्लांटवरचा भार खाली जातो, आणि सूर्य कलला की लोक घरी येऊन एसी लावतात, स्वयंपाक सुरू होतो, म्हणजे तोच भार दोन-तीन तासांत १०,००० मेगावॉटपेक्षा जास्त चढतो. हा ग्राफ काढला तर पोट लोंबणारं आणि मान ताठ असलेलं बदक दिसतं, म्हणून इथल्या ग्रीडवाल्यांनी २०१३ मध्ये त्याचं नाव बदकाचा आलेख असंच पाडलं.

आता बाहेरच्या विजेचं. राज्याला लागणाऱ्या विजेतली साधारण २० ते ३० टक्के बाहेरून येते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही असं माझं मत आहे. उत्तरेकडच्या ओरेगॉन राज्यात कोलंबिया नदीकाठच्या सेलिलोपासून लॉस एंजेलिसच्या सिलमारपर्यंत सुमारे १,३६० किलोमीटरची डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाइन आहे, १९७० पासून चालू, एका वेळी ३,१०० मेगावॉट नेते. इतक्या लांब अंतरावर डीसीमध्ये गळती कमी होते म्हणून डीसी. आणि यामागची कल्पना किती शहाणपणाची होती बघा, उत्तरेला हिवाळ्यात हीटरसाठी जास्त वीज लागते, इकडे उन्हाळ्यात एसीसाठी, म्हणजे वाटीभर साखर या घरातून त्या घरात, ज्याला जेव्हा लागेल तेव्हा. तशीच ॲरिझोनाच्या पालो व्हर्दे अणुप्रकल्पातून वीज येते. युटामधल्या कोळशाची पण आलीये, अगदी अलीकडेपर्यंत, हे मात्र मला मनापासून खटकतं, कारण स्वतःच्या हद्दीत कोळसा जवळपास शून्य म्हणून मिरवायचं आणि धूर दुसऱ्याच्या दारात ठेवायचा.

गडबड कधी होते, तर उकाडा एकाच वेळी सगळ्या पश्चिमेला पडतो तेव्हा, मग शेजाऱ्याच्याच डब्यात साखर नसते. १४ ऑगस्ट २०२० ला तेच झालं. २००१ नंतर पहिल्यांदा राज्यात आळीपाळीने वीज तोडली, जवळपास ४.९ लाख ग्राहकांची, आणि दुसऱ्या दिवशी परत. मी मूळची महाराष्ट्रातली, लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ असलेल्या पिढीतली, पण इथे ते बघून सगळेच हादरले होते. नंतर चौकशीत निघालं की एकट्या सोलरचा दोष नव्हता. उष्णतेची लाट अंदाजापलीकडची होती, संध्याकाळच्या तासांसाठी किती वीज राखून ठेवायची हे नियोजन जुन्या हिशोबाचं होतं आणि बाजाराचे नियम असे की टंचाई असताना काही वीज राज्याबाहेर विकली जात होती! पुढच्या वर्षी जुलैत ओरेगॉनच्या बूटलेग वणव्याने तिकडून येणाऱ्या मोठ्या लाइनींचा मार्गच गाठला आणि तिकडून येणारी हजारो मेगावॉट वीज कमी करावी लागली. म्हणजे शेजाऱ्याकडे असूनही पोचेना.

त्यानंतर खरा फरक पाडला बॅटऱ्यांनी. २०२० मध्ये राज्यात हजार मेगावॉटसुद्धा नव्हत्या, २०२४ मध्ये १०,००० च्या पुढे गेल्या, आणि १६ एप्रिल २०२४ च्या संध्याकाळी थोडा वेळ का होईना ग्रीडवर सगळ्यात जास्त वीज बॅटऱ्यांचीच होती. दुपारचं ऊन रात्री आठला वापरायचं, बस. तरीही २०२४ मध्ये सुमारे ३४० कोटी युनिट सोलर आणि वाऱ्याची वीज घ्यायला कोणी नाही किंवा लाइन अपुरी म्हणून बनवलीच नाही, हे वाचून जीव तुटतो. आणि बॅटरीलाही धोका आहेच, जानेवारी २०२५ मध्ये मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला मोठी आग लागून हजारापेक्षा जास्त लोकांना घरं सोडावी लागली.

शिवाय यातल्या बहुतेक बॅटऱ्या पूर्ण ताकदीने चारच तास चालतात. संध्याकाळ निघते, पण वणव्याच्या धुराचे दिवस? ९ सप्टेंबर २०२० ला आमच्याकडे सूर्य उगवलाच नाही असं वाटत होतं, आकाश नारिंगी, आम्ही दुपारचं जेवण दिवे लावून जेवलो आणि शेजारच्या छतावरची पॅनल राखेने माखलेली. म्हणून राज्यातलाच डिआब्लो कॅनियनचा २,२०० मेगावॉटचा अणुप्रकल्प २०२५ मध्ये बंद न करता २०३० पर्यंत चालू ठेवायचा निर्णय मला पटतो. आमच्यातले सोलरवाले यावर अजून माझ्याशी भांडतात.