लिटमसच्या आधी रातांबा

मे महिना अर्ध्यावर आला की कोकणात पडवीत रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायची घाई सुरू होते. पाऊस पडायच्या आत सोलं, म्हणजे आमसुलं करायच्या साली, वाळायला हवीत. बिया एका टोपात, साली सुपात आणि बोटं लालभडक. तेच हात साबणाने धुवायला घेतले की लाल रंग जांभळट, निळसर व्हायला लागतो. आम्ल की आम्लारी हे रंग बदलून सांगणारा, सातवी-आठवीच्या विज्ञानात ज्याला 'दर्शक' म्हणतात, तो हाच.

वर्गात दर्शक म्हणून लिटमसची पट्टी दाखवतात. लिटमससुद्धा निसर्गातलाच, लायकेनपासून काढलेला रंग. रातांब्याच्या सालीतले रंग अँथोसायनिन गटातले, जांभळाला आणि जास्वंदीला रंग देणारे. आम्लात या रेणूची ठेवण अशी असते की तो लाल दिसतो. आम्लारी मिसळली की रेणू हायड्रोजन आयन गमावतो, प्रकाशाचा वेगळा भाग शोषतो आणि निळसर दिसू लागतो.

घरी करून पाहा. काचेच्या पेल्यात दोन चमचे आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, घ्या, त्यात अर्धा पेला पाणी घाला आणि चिमूट-चिमूट खायचा सोडा टाकत जा. पहिल्या चिमटीला नुसता फेस येतो. तो कार्बन डायऑक्साइड. रंग मात्र लालच राहतो. पुढच्या काही चिमट्यांनाही तेच. मग फेस मंदावतो आणि रंग जांभळटाकडे झुकतो. रंग आधी का बदलला नाही, हे मुलांना जरूर विचारावं. रातांब्यात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर असतं. ते बहुतेक संपेपर्यंत रंगाच्या रेणूला सोड्याची झळच लागत नाही. आम्ल आणि आम्लारी एकमेकांचा गुण घालवतात, ते उदासीनीकरण; हा अवघड शब्द इथे डोळ्यांसमोर घडतो. वरून पुन्हा चमचाभर आगळ ओता, लाल परत येतो. मला मनापासून वाटतं, कोकणातल्या शाळेत हा धडा रातांब्यापासूनच सुरू व्हावा. लिटमस नंतर येऊ दे.

सहावी ते आठवी 'सामान्य विज्ञान' हे एकच पुस्तक असतं. भौतिक, रसायन, जीव अशा भिंती अकरावीत उभ्या राहतात. रातांब्याला त्या भिंती ठाऊक नाहीत. आगळ करताना सालींवर मीठ पसरतात आणि पाण्याचा थेंबही न घालता बरणीत रस साठतो. पेशीच्या आतल्यापेक्षा बाहेर मीठ जास्त, म्हणून पाणी पटलातून बाहेर येतं. हे परासरण. बुरशी-जिवाणूंच्या पेशींतलंही पाणी मीठ असंच ओढून घेतं, शिवाय आम्ल जोडीला असतंच. म्हणून आगळ वर्षभर टिकतं.

आगळ बिनकल्हईच्या पितळेत ठेवू नये असं घरातली थोरली माणसं सांगतात, आणि तीच माणसं वापरलेल्या आमसुलांनी तांब्याचा हंडा लख्ख घासतात. पितळेतही तांबं असतं, त्यामुळे दोन्हीमागे रसायन एकच. आम्ल तांब्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवतं. हंड्यावरून तो धुऊन जातो, पण भांड्यात आगळ साठवलं तर विरघळलेलं तांबं पोटात जातं. म्हणून चिनी मातीची बरणी.

बियाही वाया जात नाहीत. त्यांचा गर कुटून पाण्यात उकळला की तेल वर तरंगतं आणि थंड झाल्यावर पांढरट घट्ट गोळा होतो. टाचांच्या भेगांना लावतात ते हे कोकम तेल. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, म्हणून थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते. कोकम तेल वितळायला मात्र ४० अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून ते मे महिन्यातही गोळाच राहतं. त्यात स्टिअरिक या मेदाम्लाच्या १८ कार्बनच्या सरळ साखळ्या भरपूर असतात. खोबरेलात १२ कार्बनची लॉरिक आम्लाची साखळी मुख्य. लांब, सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून बसतात आणि त्यांना सुटं करायला जास्त उष्णता लागते.

आणि परसातलं एखादं झाड दरवर्षी फुलतं पण कधीच फळ धरत नाही, त्याचं काय? रातांब्यात नराचं आणि मादीचं झाड वेगळं असतं. बी रुजवून लावलेलं रोप यातलं कोणतं, हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्यात वर्षं जातात. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेल्या 'कोकण अमृता'सारख्या जातीची कलमं लावतात. फांदी मादी झाडाची असली की कलमही मादीच. ते न धरणारं झाड तोडायच्या आधी पोरांना त्याची फुलं निरखून पाहू द्या. परागकण कुठे आहेत, अंडाशय आहे का, हे भिंगातून दिसतं.