इम्प्लांट बसला, पण दात कधी?

गोव्यात चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की फोंडा-म्हापशाकडच्या डेंटिस्टकडे एक प्रश्न हमखास येतो, डॉक्टर, चवथीआधी दात बसेल ना, नेवऱ्या (करंज्या) खायच्यात! माझ्या आतेनं पण तेच विचारलं. खालची दाढ गेलेली, हाडात इम्प्लांट, म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी घालतात तो टायटॅनियमचा स्क्रू, बसवून झाला, आता वर कॅप कधी घालणार तर उत्तर आलं, दोन महिन्यांच्या आत होईल पण आधी बघूया. आता हे बघूया म्हणजे नक्की काय बघतात?

जुना नियम सोपा होता, खालच्या जबड्यात तीनेक महिने, वरच्यात सहा महिने इम्प्लांटला हात लावायचा नाही. हा नियम स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांचा. १९५२च्या सुमारास ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी डबी बसवून आतलं रक्ताभिसरण बघत होते, नंतर ती काढायला गेले तर निघेचना, हाड तिला घट्ट धरून बसलेलं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या पेशंटला इम्प्लांट बसवले आणि तो २००६ला वारला तोवर ते चालू होते.

मग आता घाई का चालते? बसवल्या दिवशी इम्प्लांट घट्ट असतो तो निव्वळ स्क्रू आवळल्यामुळे, हाडाने त्याला अजून धरलेलं नसतं. पुढे शरीर त्या दाबलेल्या हाडाचा थोडा भाग विरघळवतं आणि नवीन हाड घालायला घेतं, पण जुनं जातं पटकन आणि नवं येतं सावकाश, म्हणून साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड पहिल्या दिवसापेक्षाही सैल होते. पेशंटचं दुखणं तोवर थांबलेलं असतं, त्याला वाटतं झालं सगळं बरं, आणि तो खुशाल त्या बाजूने चावायला लागतो. चावताना इम्प्लांट १५० मायक्रॉनच्या वर हलत राहिला, म्हणजे जेमतेम दोन केसांच्या जाडीएवढा, तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर येतो, मग तो इम्प्लांट गेलाच म्हणायचा.

इम्प्लांट बनवणाऱ्या कंपन्यांनी काम केलं ते पकड सैल व्हायच्या याच काळावर. पूर्वी इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत असायचा, नंतर वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि ॲसिडने खरवडून तो खडबडीत केला, त्यावर हाडाच्या पेशी लवकर बसतात, त्यामुळे चांगल्या हाडात सहा आठवड्यांत कॅप घालता यायला लागली. एक आठवडा ते दोन महिने यांच्यामध्ये दात बसवला तर त्याला अर्ली लोडिंग म्हणतात.

आणि बघतात ते हे. इम्प्लांट आवळताना टॉर्क, म्हणजे पिळायला लागणारा जोर, किती आला, साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटर आला तर डॉक्टर खूश. शिवाय इम्प्लांटवर एक बारीकसा खुंट लावून चुंबकाच्या झटक्याने तो थरथरवतात, त्यावरून १ ते १०० मधला एक आकडा मिळतो, ७०च्या वर असला तर पुढे जायचं, ६०च्या खाली असला तर गप थांबायचं. खालच्या जबड्याचं पुढचं हाड टणक, वरच्या जबड्याचं मागचं एकदम भुसभुशीत, त्यामुळे एकाच माणसाच्या तोंडात दोन वेगळ्या तारखा निघू शकतात. सिगरेट आणि कंट्रोलमध्ये नसलेली शुगर असेल तर हिशोब आणखी बिघडतो.

२०१३च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे झालेल्या संशोधनांच्या एका एकत्रित आढाव्यात, २६ ट्रायल्स एकत्र तपासल्या, लवकर आणि उशिरा लोड केलेल्या इम्प्लांट्सच्या अपयशात ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. जाहिरातवाले एवढंच सांगतात. पण लवकर लोड करायचं तर इम्प्लांट पहिल्याच दिवशी घट्ट बसलेला लागतो, तसे पेशंट निवडूनच हे करतात, हे बारीक अक्षरात जातं.

गोव्यात तर बीच आणि दात एकाच पॅकेजमध्ये मिळतात. पाहुणा दहा दिवसांत नवीन दात घेऊन विमानात बसतो आणि पकड सैल व्हायचा आठवडा येतो तेव्हा तो घरी स्टेक चावत असतो, इथला डॉक्टर तपासणार कसा? आतेचा आकडा ७४ आला, तिला सहाव्या आठवड्याची तारीख मिळाली, चवथीनंतरची.